सशातले दोन बाण

"आवाज नको, आजी!"

आजी? मी वळून मागं बघितलं. म्हटलं, कोण म्हातारी आलीय बघू तरी. मागं शेवंतावन्सं होत्या, पण त्या तर पिशवीतल्या शेंगा फोडून खाण्यात गुंग होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोरीपलीकडची ती शिट्टीवाली पंचबाई मलाच म्हणत होती.

"अहो बाई, मी ओरडले कुठं? साधं बोलतेय मी."

"हे साधं?"

"माझी पिठाची गिरणी आहे. जन्म गेला त्या घरघरीत बोलण्यात. माझं साधं असंच असतं."

बाई हसली नाही. तिनं हातातल्या शिट्टीशी चाळा केला आणि दोरीला धरून उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनाच बजावलं. "शेवटची फेरी आहे. दोरीबाहेरून कुणी खेळाडूला काही सांगितलं, खुणावलं, नुसतं बोट जरी दाखवलं, तरी त्या खेळाडूचे त्या जनावरावरचे सगळे गुण जातील. मग माझ्याशी भांडायला येऊ नका."

"घ्या," वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या. "कुसुमला गप बसायला सांगत्यात. आता पाऊसच पडायचा."

पलीकडं सागाच्या झाडाखाली माझी सून उभी होती. हर्षदा. उजव्या हातात धनुष्य, कमरेला बाणांचा भाता. तिच्या शेजारी विदर्भाकडची एक उंच पोरगी, ऋतुजा. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी ह्या दोघी. रानातल्या पाऊलवाटेवर रबराच्या फोमची चार जनावरं मांडलेली. कोल्हा, हरीण, ससा आणि शेवटी रानडुक्कर. प्रत्येक जनावरावर दोन बाण मारायचे, जाऊन उपटून आणायचे, पुढं चालायचं.

हर्षदानं घरातून निघतानाच सांगून टाकलं होतं. "आई, यंदा निवड झाली नाही तर धनुष्य माळ्यावर. मीच ठेवीन, कुणी सांगायला नको."

तिला कुणी सांगितलं नव्हतं असं थोडंच आहे? लग्नाला दोन वर्षं झालेली, माझा रणजित फौजेत, तिकडं जम्मूला. घरात नातेवाईक आला की चहाच्या आधी विचारायचा, पोर बाणच मारणार का अजून? पोरगी हसून टाळायची. पण रात्री भाकरी खाताना तिचा घास अडकायचा, ते मला दिसायचं.

आता डाव्या हाताचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हर्षदा पक्की डावरी. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत तिनं डाव्या हातानं कोशिंबीर वाढली आणि शेवंतावन्संनी आपलं ताट सरळ मागं ओढलं. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. तोंडानं फटकळ, पण जीव लावणारी बाई. "देवाधर्माच्या घरात डावा हात?" एवढंच म्हणाल्या. पोरगी गोरीमोरी झाली. मी तिला आत घेऊन सांगितलं, "हे बघ, स्वयंपाकघरात तू पायानं भाकरी थापलीस तरी मी बोलणार नाही. पण पंगतीत वाढायचं, प्रसाद घ्यायचा, द्यायचा, तेवढा उजवा वापर. कशाला लोकांच्या तोंडी लागायचं?" तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून एकदाही चुकली नाही. हातात काही असलं तर ती आधी डावीकडं घ्यायची, उजवा हात मोकळा करायची, मगच प्रसादाला पुढं करायची. मला ते बघून चांगलंही वाटायचं आणि कुठंतरी टोचायचंही.

गिरणीत मात्र ती पहिल्या महिन्यातच रमली. आमची गिरणी जुनी. दिवसभर हादरते, म्हणून रोज सकाळी सगळे नटबोल्ट पान्यानं आवळून घ्यावे लागतात. ते काम मी मालकांनाही करू देत नाही. माझ्या हातानं आवळलेला बोल्ट संध्याकाळपर्यंत हलत नाही, पैज लावा. मी तिला शिकवलं. "बोल्ट आपणहून कधी सुटत नाही बघ. एक तर हादऱ्यानं सुटतो, नाहीतर हातानं. सुटला की नुसता आवळून मोकळं व्हायचं नाही. कुणी सोडला ते आधी बघायचं." ती हसायची. "आई, तुम्ही पोलिसात जायला पाहिजे होतं." मग पान्याला पिठाचा हात लागला म्हणून माझ्याच पदराला पुसायची. लाडावलेली.

असं सगळं चाललं असताना तिचे बाण माझ्या हातात कसे आले, ते माझं मलाच कळलं नाही.

ते बाण म्हणजे काळ्या, पोकळ नळ्या. पुढच्या तोंडाशी आत आटे पाडलेले असतात आणि धातूचं टोक त्यात फिरवून बसवायचं. तिला बाण मारायला शिकवणारे जगदाळे सर एकदा गिरणीत आले होते, त्यांनी मला एक परदेशातलं शिकारीचं टोक दाखवलं. तीन पाती असलेलं, वस्तऱ्यासारखी धार. "हे आपल्याकडं चालत नाही काकू, शिकारीला बंदी आहे. मी नुसतं बघायला ठेवलंय. पण बसवायची रीत सगळ्या टोकांची एकच." आणि तिथंच दळणाच्या डब्यावर बसून त्यांनी मला ती रीत दाखवली. आधी आटे फडक्यानं पुसून कोरडे करायचे. मग आट्यांना मधमाशीचं मेण, अगदी काडीच्या टोकावर मावेल एवढंच. बारीक रबराची चकती घालायची, टोक फिरवत फिरवत शेवटपर्यंत न्यायचं आणि मग एक घट्ट पीळ. आणि खरी परीक्षा पुढं. बाण टोकावर उभा करून तळहातावर भिंगरीसारखा फिरवायचा. टोक सरळ बसलं असेल तर हाताला काही कळतच नाही. वाकडं बसलं तर तळव्याला गुदगुल्या होतात. तसं झालं की काढायचं आणि पुन्हा बसवायचं.

मला तर हे काम असं आवडलं म्हणता! दुपारी गिरणी बंद झाली की मी ते बाण घेऊन बसायची. मालक म्हणायचे, "लोकांच्या घरात सासू लसूण सोलते."

"लोकांच्या घरात लसूण खातात," मी म्हणायची. "आमच्या घरात पदकं यायचीयेत."

पण एक गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली. मी इतकं घट्ट बसवायची, तरी सरावाहून ती आली की टोकं सैल! बाण हलवला की खुळखुळ वाजायचा. मेण जास्त लावून बघितलं, कमी लावून बघितलं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणून आट्यांवर गुंडाळली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खुळखुळ. चिकटवून टाकावं म्हटलं तर सर म्हणाले, नको, टोक वाकलं तर बदलता येणार नाही. आणि वर विचारतात काय, "काकू नीट बसवतात ना?"

हर्षदानं मला ते सांगितलं नाही. तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. माझ्या हातानं बसवलेलं सुटतं म्हणजे काय? बाकीच्या पोरींची टोकं कशी नाहीत सुटत?

"कशी सुटतील?" शेवंतावन्सं म्हणाल्या. "त्या पोरी उजव्या हाताच्या हायेत. डाव्या हाताच्या कामाला यश नसतंय कुसुम. मी काय खोटं बोलतीय?"

"वन्सं, तोंड आवरा. नाहीतर दळण परत नेऊन दुसरीकडं दळून आणा."

बोलायला बोलले. पण त्या रात्री एक एक टोक पुन्हा काढून बसवलं.

आणि आता हे असं दोरीला धरून उभं राहणं आलं. मालकांवर गिरणी सोडून आले होते. घरातलं कुणीतरी मोठं माणूस पाहिजे म्हणून वन्सं स्वतःहून जीपमध्ये बसल्या होत्या, कुलदैवताच्या पेढ्यांची पुडी कनवटीला लावून. जिंकली तर तोंड गोड करायला, आणि हरली तर म्हणे देवाचा प्रसाद काय वाया जात नाही.

पहिला कोल्हा. ऋतुजानं दोन बाण मारले, दोन्ही चांगले. मग हर्षदा. डावा हात गालापर्यंत आला, थांबला, सुटला. फट्. दुसरा. फट्. दोन्ही बाण बरोबरीनं चांगले. माझ्या तोंडून "शाब्बास" निघणार, तोच वन्संनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ते घशातच राहिलं.

दोघी बाण उपटायला गेल्या. कोल्हा दोरीपासून लांब होता, काय चाललंय ते नीट दिसत नव्हतं. एवढंच दिसलं की हर्षदा परत येताना हातातल्या बाणांकडं बघतच राहिली. बाणांना टोकंच नव्हती. नुसत्या पोकळ नळ्या! टोकं कोल्ह्याच्या पोटात राहिली होती.

"मॅडम, टोकं आत राहिली. काढता येतील?" तिनं पंचबाईला विचारलं.

"स्पर्धा संपल्यावर. आता जनावराला सुरी लावता येत नाही."

"माझ्याकडची सुटी टोकं काल संपली."

"दुसऱ्या कुणाचं सामान चालत नाही, माहीत आहे ना?"

"हो," हर्षदा म्हणाली. त्या नळ्या तिनं भात्यात उलट्या खोचल्या. सहातले दोन बाण गेले होते, चार उरले.

गावच्या मैदानावर पेंढ्याच्या गंज्या असतात, त्यात टोकं नुसती सैल व्हायची. शेवटच्या फेरीसाठी आणलेली ही जनावरं नवीकोरी, फोम घट्ट. टोकाला धरून ठेवणारा. रात्री मी मुक्कामाच्या खोलीत बसून एक एक टोक पुसून, मेण लावून, पीळ देऊन बसवलं होतं. तळहातावर फिरवून बघितलं होतं. सगळे बाण गप होते. आणि ही गत!

"बघ," वन्सं कुजबुजल्या. "म्हणलं हुतं."

मी त्यांच्याकडं डोळे वटारले. बोलायची बंदीच होती.

पुढं हरीण. ते मात्र दोरीच्या अगदी जवळ मांडलेलं, दहा पावलांवर. दोन बाण हर्षदानं असे मारले की हरणाच्या खांद्यामागं एकाशेजारी एक. गुण पुन्हा बरोबरीत. आणि मग ती ते उपटायला आली, आणि मी पहिल्यांदा तिला बाण उपटताना जवळून बघितलं. एवढे दिवस ती सराव करायची तेव्हा मी गिरणीत असायची. बाण बसवायचं काम माझं, मारायचं तिचं. उपटताना बघायचं माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

आधी ऋतुजानं तिचा बाण धरला. उजव्या हातात. मनगट बाहेरच्या अंगाला पिळत पिळत ओढला. देवाला प्रदक्षिणा घालतो त्या बाजूला फिरला बाण. टोकासकट बाहेर.

मग हर्षदा. डाव्या हातात धरला, मनगट बाहेरच्या अंगाला पिळलं आणि ओढला. तिचं बाहेरचं अंग म्हणजे उलटी बाजू. अगदी बरणीचं झाकण उघडतो तसा! टोक फोमनं आत धरून ठेवलेलं आणि ही बाहेरून नळी उलटी फिरवतेय. सुटणार नाही तर काय होणार? दोन वर्षं मी घरी बसून आवळत होते आणि ही रानात जाऊन सोडत होती!

"अगं ए..."

माझं तोंड उघडलं होतं. पंचबाईची मान गर्रकन माझ्याकडं वळली, शिट्टी ओठात. मी पदर तोंडात कोंबला आणि जोरात खोकले. खोकला म्हणजे कसा, गिरणीचा पट्टा तुटावा तसा.

"पाणी प्या, आजी," बाई म्हणाली.

हर्षदा माझ्याकडं बघत होती. हातात दोन नळ्या, बिनटोकाच्या. तिला कळलं होतं की मला काहीतरी कळलंय. डोळ्यांनी विचारत होती पोरगी, आई, काय? आणि मला काही सांगता येत नव्हतं. मी सरळ मान वर केली आणि सागाच्या शेंड्याकडं बघत उभी राहिले. न जाणो, माझ्या डोळ्यांत काही दिसायचं आणि तिचे गुण जायचे.

सशापर्यंतची ती वाट! कधी संपतेय असं झालं. वन्संनी माझं कोपर धरलं. "काय बघितलंस? बोल की."

मी दोरीपासून लांब होऊन त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आता गं बया! मग सांग की तिला. त्या बाईची नजर चुकवून, हळूच."

"माझं हळूच तुम्हाला माहीत आहे ना?"

"मग मी सांगते. नुसता उजवा हात वर करून दाखवते. तेवढं कळंल तिला."

"वन्सं, खबरदार. गुण गेले तर गेलेच. आणि नाही पकडलं कुणी, तरी मग ती निवड तिची कशी? जन्मभर तिला वाटत राहील, दोरीबाहेरून कुणीतरी हात दाखवला म्हणून झालं."

वन्संनी हात पदराखाली घेतला. मग एवढंच म्हणाल्या, "दोनच बाण उरलेत न्हवं?"

दोनच. ते दोन सशावर मारायचे आणि तेच उपटून डुकरावर. सशात टोकं राहिली तर डुकरासमोर ती रिकाम्या हातानं उभी राहणार आणि धनुष्य माळ्यावर जाणार. मारण्याची मला काळजी नव्हती. उपटण्याची होती.

ससा एवढासा, पण दोन्ही बाण बसले. ऋतुजाचेही बसले, गुण अजून बरोबरीतच. ऋतुजानं तिचे उपटून घेतले आणि बाजूला झाली.

हर्षदा सशासमोर गुडघ्यावर बसली. डावा हात बाणावर ठेवला. मी दोरी घट्ट धरली. वन्सं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या.

हात तिथंच थांबला.

तिनं हात काढून घेतला. भात्यातली एक मोकळी नळी काढली आणि तिच्या तोंडाशी डोळा लावून आत बघितलं. करंगळीचं नख आत घालून फिरवलं. मग नळी खाली ठेवली, आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि हवेतच मनगट पिळलं. एकदा बाहेरच्या अंगाला. मग आतल्या अंगाला. पुन्हा बाहेर. पंचबाई घड्याळाकडं बघत होती.

मी सागाच्या शेंड्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी आल्यामुळं शेंडा काही दिसत नव्हता, पण बघत होते.

"उजवा लाव गं पोरी, उजवा," वन्सं इतक्या हळू पुटपुटल्या की मलाही नीट ऐकू आलं नाही.

हर्षदानं उजवा लावला नाही. डावाच हात पुन्हा बाणावर ठेवला. पण आता कोपर वर उचललं आणि मनगट आत वळवलं, स्वतःच्या छातीकडं. सुरुवातीला जमेना. त्या बाजूला हाताला जोर कमी पडतो. दात ओठावर रोवून तिनं हळूहळू पीळ दिला, प्रदक्षिणेच्या बाजूनं, आणि ओढला. सशानं कुरकुर केली आणि बाण बाहेर आला. टोकासकट. उन्हात ते टोक असं चमकलं की मी आयुष्यात सोन्याकडं एवढ्या मायेनं बघितलं नसेल.

दुसराही तसाच निघाला.

तिनं दोन्ही बाण फडक्यानं पुसले. एक एक तळहातावर उभा करून फिरवला, डोळे मिटून. मला इथूनही कळलं की दोन्ही गप आहेत.

डुक्कर वाटेच्या शेवटी, उतारावर, सावलीत उभं होतं. काळं, सुळे काढलेलं. वन्सं बघून दचकल्याच. "बाई बाई, आपल्या भुईमुगात येतंय तसंच की गं!"

ऋतुजा आधी. पहिला बाण मधल्या गोलात. दुसरा गोलाच्या जरा बाहेर. चांगली पोरगी होती हो, उगाच नाव ठेवणार नाही. पण उतारावर भल्याभल्यांचा बाण हलतो.

हर्षदानं पहिला बाण लावला. सुटला तो थेट मधल्या गोलात. आता दुसराही आत गेला तर जागा तिची. तिनं तो ओढला, आणि तेवढ्यात वारं सुटलं. सागाची पानं सळसळ वाजायला लागली. तिनं ओढलेली धनुष्याची दोरी हळूच परत आणली, बाण न मारताच हात खाली घेतला. वारं थांबेपर्यंत उभी राहिली, एकटीच, कुणाकडंही न बघता. मग पुन्हा डावा हात गालाशी गेला.

फट्.

पंचबाई डुकरापाशी गेली, वाकून बघितलं आणि हात वर केला. "मधला. निवड हर्षदा."

शिट्टी वाजली. फेरी संपली. म्हणजे बोलायची बंदीही संपली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वन्सं सांगतात की रानातली पाखरं उठली आणि पंचबाईनं कानावर हात ठेवले. मी दोरीखालून वाकून पळाले. या वयात, नऊवारीत! हर्षदा डुकरापाशी पोचून बाण उपटत होती, आतल्या अंगाला मनगट वळवून. तो बाण टोकासकट हातात घेऊनच ती माझ्या गळ्यात पडली.

"आई, तुम्ही बघितलंत? हरणापाशीच कळलं ना तुम्हाला?"

"मला कळलं ते सोड. तुला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत की."

"मी? मी तर पदर चावत उभी होते!"

"आज नाही. गिरणीत." ती हसत होती आणि रडतही होती. "नळीत बघितलं तर आतले आटे साबूत होते, आई. टोक ओढून निघालं असतं तर आटे खरवडले असते. म्हणजे ते ओढून निघालंच नव्हतं, फिरून निघालं होतं. आणि तुम्ही म्हणता ना, बोल्ट आपणहून सुटत नाही, कुणी सोडला ते बघ. तर म्हटलं, तुमच्यानंतर या बाणाला हात कुणाचा लागतो? माझाच."

मी पदरानं तिचं तोंड पुसलं. गिरणीच्या घरघरीत मी हजार गोष्टी बोलत असते, मला वाटायचं सगळं पिठात जातं. आणि या पोरीनं त्यातलं नेमकं एक उचलून, सांभाळून, वेळेला काढलं होतं. मी सांगितलं नाही तरी. खरं तर मी सांगितलं नाही म्हणूनच. माझी छाती अशी भरून आली, रणजित फौजेत भरती झाला तेव्हाही आली नव्हती.

"मग उजव्या हातानं का नाही उपटलास?" मी विचारलं. "सोपं गेलं असतं."

तिनं हातातला बाण भात्यात खोचला. "हाताची काय चूक आहे, आई? फिरवण्याची होती. ती सुधारली."

शेवंतावन्सं तोवर धापा टाकत येऊन पोचल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. कनवटीची पुडी सोडली, पेढा काढला. "घे, देवाचा आहे," म्हणाल्या.

हर्षदाच्या उजव्या हातात धनुष्य होतं. ती नेहमीसारखी हात मोकळा करायला लागली, धनुष्य डावीकडं घ्यायचं, उजवा पुसायचा, मग पुढं करायचा. दोन वर्षांची सवय. वन्सं पेढा धरून थांबल्या होत्या.

"राहू दे," मी म्हटलं.

"काय, आई?"

"धनुष्य आहे तिथंच राहू दे. तो हात पुढं कर."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग वन्संकडं. डावा हात हळूच पुढं केला, मेण लागलेला, बोटांवर धनुष्याच्या दोरीचा लाल वळ उठलेला. वन्संनी क्षणभर त्या हाताकडं बघितलं. मला वाटलं, आता या ताट ओढतात तसा पेढा ओढून घेणार.

त्यांनी पेढा तिच्या डाव्या तळहातावर ठेवला, वरून आपला हात ठेवून तिची मूठ मिटवली आणि ती मूठ कपाळाला लावली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हर्षदा गावातल्या पोरींना शिकवते, तिची स्वतःची पोरगीही त्यांच्यात असते. बाण बसवायला मात्र आजही माझ्याकडंच येतात. आणि आमच्या घरच्या पंगतीत कोशिंबीर हर्षदाच वाढते, डाव्या हातानं. शेवंतावन्सं होत्या तोवर पहिलं ताट त्यांचंच असायचं. त्या स्वतःच पुढं सरकवायच्या.